बांध फुटला नव्हता

पर्वतीच्या पायथ्याचा बांध फुटला आणि म्हणून पेठेत पाणी शिरले, ही गोष्ट गेल्या पंधरवड्यात मी तीनदा ऐकली. तिन्ही वेळा सांगणारे एकच, आमच्या शेजारचे वैद्य. त्यांच्या ओसरीवर दिवेलागणीच्या आधी पाचसहा मंडळी सुपारी कातरत बसतात आणि वैद्यबुवा त्यांना जुने पुणे ऐकवतात. ज्या भाद्रपदातील पुराचे ते वर्णन करतात, त्या भाद्रपदात ते नाशकात होते. हे मला त्यांच्याच तोंडून कळले आहे, कारण त्याच महिन्यातील गोदावरीचा पूरही ते तितक्याच खात्रीने सांगतात. एकाच महिन्यात दोन गावचे पूर डोळ्यांनी पाहणारा माणूस औषधेही कोणत्या पोथीतून देत असेल, याची मला काळजी वाटते.

तिसऱ्या वेळी मला राहवले नाही. कुंपणापलीकडूनच मी म्हणालो की बांध फुटला नव्हता, मी त्या वेळी त्याच बांधावर उभा होतो. त्यावर वैद्यबुवा हसले आणि मोठ्या आदराने म्हणाले, "अहो, आपण उभे असाल. पण आता आपले वय झाले. इतके जुने नीट आठवायचे कसे?"

मंडळींनी माना डोलावल्या. मी घरात आलो, लेखणी तासली आणि हे लिहावयास बसलो. माझ्या वयाची चौकशी ज्यांना करावयाची त्यांनी ती करावी. बांध फुटला नव्हता. तो ज्याने बांधला त्या गवंड्याच्या अब्रूला आजही या ओसरीवर रोज थोडा थोडा सुरुंग लावला जातो. तो गवंडी आता नाही. खरे काय ते ठाऊक असणारा बहुधा मी एकटा उरलो आहे, आणि त्या अब्रूला पहिला धक्का लागला तो माझ्यामुळे. म्हणून हे काम दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

मी त्या काळी सरकारच्या पाण्याच्या कामावर कारकून होतो. वय तिशीच्या आतबाहेर. बांध, मोऱ्या, कात्रजेहून शहरात येणारा नळ, पेठांतील हौद ही सारी माझी रोजची पायपीट. आंबील ओढा आज पर्वतीच्या अंगाने पश्चिमेला वळून मुठेला मिळतो, तो पूर्वी तसा जात नसे. कात्रजेच्या डोंगरातून उतरून तो सरळ उत्तरेला, पेठांच्या मधून, लोकांच्या परसांना घासत नदीकडे जाई. चैत्र-वैशाखात त्यात गुडघाभर पाणी राही. काठाला लव्हाळे, निर्गुडी आणि अडुळसा. बगळे उभे असत, खंड्या पाण्यावर सूर मारी, आणि दगड उलटला की खाली खेकडा सापडे. शहराच्या पोटात इतकी थंड जागा दुसरी नव्हती. पण आषाढ लागला की हाच ओढा तांबड्या मुरमाचे लोंढे घेऊन येई आणि एखादे परस, एखादा गोठा, कधी माणूस घेऊन जाई. तेव्हा सरकारातून ठरले की पर्वतीखाली दगडी बांध घालावा आणि ओढा शहराबाहेरून पश्चिमेला काढून द्यावा.

हल्ली काही जण म्हणतात की ओढा वळवणे हीच मुळात चूक होती. हेही मी मान्य करीत नाही. ज्यांनी लोंढ्यात वाहून गेलेले पाळणे पाहिले नाहीत त्यांनी ओढ्याचा कैवार घेऊ नये. चूक झाली ती पुढे.

बांधाचे काम ज्याच्याकडे दिले तो गवंडी मुसलमान. मूळ घराणे लोणी काळभोरचे, पण आजोबांपासून पुण्यात. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही म्हणत असे. उंचीने बुटका, बोटे चुन्याने खाल्लेली, बोलणे अगदी कमी. चुना मळण्याच्या घाणीपाशी तो स्वतः बसे. चुना बोटाच्या चिमटीत घेऊन जिभेला लावी आणि पसंत पडला नाही तर सबंध घाणी ओतून टाकावयास लावी. मजूर त्याच्यावर चिडत. मीही चिडत असे, कारण पावसाळा डोक्यावर होता. पण दोन उन्हाळ्यांत त्याने जो बांध उभा केला, त्याच्या सांध्यात सुरीचे पाते शिरत नसे. पहिल्या पावसात ओढा त्यावर येऊन आदळला, दोन दिवस फणफणला आणि पश्चिमेला वळला.

तो सुखाने वळला असे मात्र नाही. नव्या वाटेने तो नांदावयास तयारच नव्हता. पहिल्या वर्षी त्याने डावा काठ खाल्ला, दुसऱ्या वर्षी उजवा. एका माळ्याची आंबराई त्याने मुळांसकट नेली आणि गाळ पलीकडच्या पडीक माळावर टाकला. तिथे पुढे इतकी उत्तम मेथी होऊ लागली की आंबराईवाला आणि पडीकवाला यांचे भांडण चावडीत तीन वर्षे चालले. उस्ताद हे पाहून म्हणे की ओढा आपला बिछाना घालतोय, थोडे अंग हलवणारच. मला त्या वेळी ते बोलणे फार गमतीचे वाटे.

इकडे शहरात जुने पात्र उघडे पडले. पाणी नाही, नुसता दगडगोट्यांचा लांब खळगा, पेठेच्या ऐन मध्यात. जागेची टंचाई, माणसे वाढत होती. ती जागा भरून घरांसाठी द्यावी अशी मागणी आली आणि वरून माझ्याकडे विचारणा झाली की जागा देण्याजोगी आहे काय. मी उस्तादाला घेऊन तिथे गेलो. खळग्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत आम्ही चालत गेलो. उत्तरेला तो थेट नदीत उघडत होता. उस्ताद तिथे थांबला आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिला.

मी म्हणालो, "काय पाहता? जागा मोकळी आहे."

"मोकळी न्हाय, पंत. रिकामी हाय."

"त्यात फरक काय?"

"घरधनी गावाला गेला तर घर रिकामं म्हनावं. मोकळं कसं म्हनाल?"

मी हसलो. घरधनी आता पर्वतीपलीकडे नांदतो आहे आणि तुम्हीच त्याला तिथे पोहोचवले आहे, असे मी म्हणालो. त्याने नदीकडे बोट केले आणि एवढेच सांगितले की हिकडचं दार उघडं हाय. मी ते कानाआड केले. गवंड्याने दगडाचे सांगावे, जमिनीचे कारकुनाने पाहावे, असे मला त्या वेळी वाटत होते.

माझ्यापुढची अडचण निराळीच होती. जुन्या ओढ्याच्या काठी एका उंबराखाली आसरांचे सात दगड होते. पाण्यातल्या देवता; शेंदूर लावलेले, वीतवीतभर उंचीचे. पेठेतल्या बायका तिथे हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवीत. जिथे आसरा आहेत तिथे पाणी आहे, अशी लोकांची समजूत, आणि पाण्याच्या जागेवर घर बांधावयास कोणी धजेना. जागा कागदावर देता येत होती, पण घ्यावयास माणूस पुढे येत नव्हता. यावर तोड मी काढली. हे मी आज अभिमानाने सांगत नाही. त्या वेळी मात्र फार अभिमान वाटला होता. मी एका उपाध्यायाला गाठले आणि विचारले की देव नव्या जागी नेता येतो की नाही. तो म्हणाला, शास्त्रात सर्व काही आहे. मुहूर्त निघाला. जुन्या जागी उत्तरपूजा झाली, सात दगड बैलगाडीत ठेवले, वाजतगाजत पर्वतीपलीकडे नेले आणि नव्या ओढ्याच्या काठी बसवले. शे-दीडशे माणसे गाडीमागे चालत होती. परत आल्यावर मी वर लिहून पाठवले: आसरांची स्थापना नव्या काठी यथाविधी झाली, सबब जुन्या ओढ्याची जागा मोकळी झाली आहे.

त्या 'सबब' शब्दावर मी फार खूश होतो.

खळग्याच्या अगदी कडेला एका तेल्याचे घर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून जात असता त्याची बायको उंबराखाली, जिथे आता काहीच नव्हते, तिथे द्रोणात दहीभात ठेवताना दिसली. मी विचारले की बाई, काल सगळे नेले, हे कोणासाठी. ती म्हणाली, "दगड नेलेत, कारकून. त्या पाण्यातल्या बाया, त्यांना बैलगाडीत बसायची सवय कुठली?"

मी तेही हसण्यावारी नेले. पेठेनेही ते मनावर घेतले नाही, हे खरे. आसरा गेल्या म्हणजे पाणी गेले, हा हिशेब सर्वांना पटला. वर्षाच्या आत खळगा मुरूम-मातीने भरला आणि त्यावर तीसेक घरे उठली; त्या वस्तीला लोक नवी आळी म्हणू लागले. तेलिणीच्या नवऱ्यानेही पुढची जागा घेऊन तिथे तेलाचा घाणा बसवला. भरलेली जमीन दरसाल थोडी थोडी बसत गेली आणि पेठेच्या मानाने ती घरे सखलच राहिली. दरवर्षी आषाढात तेलीण मला वाटेत अडवून सांगे की घाण्याच्या खोलीत सारवलेल्या जमिनीतून लव्हाळे वर येते, रोज उपटावे लागते. मी सांगे, मीठ टाका. कारकुनी सल्ला देण्यास काही लागत नाही.

असे पाचसहा पावसाळे गेले. मग तो भाद्रपद आला.

पाऊस तीन दिवस सारखा होता, पण पुण्यापेक्षा घाटमाथ्यावर अधिक. मुठा काठोकाठ भरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि उस्ताद दोघेही बांधावर होतो. नव्या वाटेने ओढा धो धो पश्चिमेला चालला होता, आणि बांधाला टेकलेले पाणी माथ्यापासून पुरते दोन हात खाली होते. मी स्वतः काठी टाकून पाहिले, दोनदा. बांधाच्या शहराकडील अंगाला एक थेंब नव्हता. तिथे एक गुराखी घोंगडी पांघरून विडी ओढत बसला होता. अशा वेळी, तिसऱ्या प्रहरी, शहराकडून एक शिपाई धावत आला आणि म्हणाला की नव्या आळीत कमरेइतके पाणी आहे.

मी म्हणालो, शक्य नाही. माझे पहिले शब्द हेच. ज्यांना माझी फजिती सांगावयाची हौस आहे त्यांनी बांधाच्या कथा रचण्यापेक्षा ही सांगावी.

आम्ही धावत गेलो. आळीच्या तोंडाशी पोहोचलो आणि जे पाहिले ते मी पूर्वी पाहिले नव्हते. ओढ्याचा पूर मला ठाऊक होता. तो गर्जत येतो, भिंती पाडतो. इथे आवाज नव्हता. पाणी उभे होते. संथ, काळसर, आणि वाढत होते. बायका माळ्यांवर पोरे चढवीत होत्या. धान्याची एक कणगी खोलीतल्या खोलीत तरंगत होती. तुळशीवृंदावने जागच्या जागी उभी होती, फक्त बुडालेली. उस्ताद कमरेपर्यंत पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेऊन बोटांनी चोळले आणि माझ्याकडे पाहिले.  पुढे चार घटका आम्ही दोघे इतरांबरोबर माणसे आणि गुरे काढत होतो. देवाच्या दयेने कोणी मेले नाही. सतरा घरे मात्र बसली. मातीच्या भिंती पाण्यात विरघळतात तशा विरघळल्या.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली आणि तिच्यामागून पाणीही उतरले. घरांत वीतवीतभर गाळ राहिला. तो गाळ काळा होता आणि लोण्यासारखा मऊ. ज्याने आयुष्यात एकदाही कात्रजेकडचा ओढा पाहिला आहे, त्याला सांगावयास नको की ओढ्याचा गाळ तांबडा असतो आणि त्यात हरभऱ्याएवढा मुरूम असतो. काळा गाळ मुठेचा. तेलिणीच्या घाण्याच्या खळग्यात हातभर लांबीची वांब सापडली. ती नदीच्या डोहातली मासळी. बांध ओलांडून पर्वतीवरून ती कशी आली असेल, हे वैद्यबुवांनी ओसरीवर समजावून सांगावे. आणि तेलीण मला स्पष्ट म्हणाली होती की पाणी पुढच्या दाराने आलेच नाही, परसाकडून आले. परस उत्तरेला. नदी उत्तरेला.

म्हणजे काय झाले होते ते मला त्या सकाळीच पुरते समजले. नदी फुगली, आणि जुन्या ओढ्याचे जे तोंड तिच्यात उघडत होते, त्याच तोंडाने उलटी शहरात शिरली. वर मुरूम पडला होता, घरे उठली होती, पण खळगा खळगाच होता. पाणी दक्षिणेकडून येऊ नये म्हणून आम्ही डोंगराएवढी भिंत घातली आणि उत्तरेकडून कधी पाहिलेही नाही. ज्याने पाहिले होते त्याचे बोलणे, गवंड्याने दगडाचे तेवढे सांगावे म्हणून, मी कानाआड केले होते. वैद्यबुवा अशा वेळी 'वळणाचे पाणी वळणावर' हे वचन म्हणतात. ते ऐकून माझे कान किटले आहेत. पाण्याला कसलेही वळण नसते आणि सवयही नसते. त्याला उतार असतो. सवयी आपल्याला असतात.

तर मला सर्व समजले होते, आणि मी बोललो नाही.

पेठेत दोन प्रहरांत निकाल लागून गेला होता. पाणी आले म्हणजे बांध फुटला. बांध फुटला म्हणजे गवंड्याने चुन्यात माती घातली. काही बायका म्हणत होत्या की आसरा हलवल्या म्हणून कोपल्या, पण आसरांवर फिर्याद लावता येत नाही, गवंड्यावर येते. बांधावर जाऊन पाहावे असे कोणाला वाटले नाही. अर्धा कोसही अंतर नव्हते. लोक कचेरीत गेले, कारभाऱ्यांपुढे ओरडले, आणि उस्तादाला सरकारी कामावरून दूर करावे, पुन्हा कोणत्याही दगडाला हात लावू देऊ नये अशी मागणी झाली. कारभारी शहाणे गृहस्थ होते. ते म्हणाले, चार दिवसांत चौकशी करू. पण चार दिवस पुष्कळ असतात. उस्तादाच्या हाताखालचे सात गडी पहिल्याच दिवशी दुसऱ्याकडे गेले. वाटेत पोरे त्याच्यामागून 'फुटका बांध' म्हणून ओरडू लागली.

मी खोटे बोललो नाही. मला कोणी विचारले नाही. या दोन वाक्यांवर मी तीन दिवस काढले. पाणी नदीचे होते असे म्हटले की पुढचा प्रश्न होता, मग तिथे घरे कोणी बांधू दिली. आणि 'मोकळी' हा शब्द माझ्या अक्षरात सरकारदप्तरी पडला होता. माझे अक्षर सुरेख होते. ते ओळखावयास कोणाला अडचण पडली नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद पहार खांद्यावर टाकून बांधावर गेला. जाताना आळीतून गेला आणि लोकांना म्हणाला, चला, बांध आतून बघा. वीसपंचवीस माणसे मागे गेली, मीही गेलो. बांधाच्या मधोमध, शहराच्या अंगाला, त्याने पहार घातली. आधी गिलावा उडवला. मग दर्शनी दगड काढू लागला. दगड निघेना. जो सांधा त्यानेच घातला होता तो त्यालाच दाद देईना. साठीच्या घरातला माणूस, घामाने भिजलेला, स्वतःच्या बांधावर घाव घालत होता, आणि दर घावाला पहार टणकन मागे येत होती. शेवटी दोन दगड निघाले. आत चुना शिशासारखा घट्ट आणि पांढरा होता. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "बघा. बोट घालून बघा."

कोणी बोट घातले नाही. मागून एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "पाहिलेत? भोक आहे."

हे मी माझ्या कानांनी ऐकले. त्या जागी आजही वेगळ्या रंगाचा गिलावा आहे, आणि वैद्यबुवा पर्वतीला येणाऱ्या पाहुण्यांना ती जागा दाखवून सांगतात की इथे फुटला होता, मग बुजवला. ज्या जागी बांध फुटला नाही हे सिद्ध करण्यासाठी एका माणसाने स्वतःचे काम फोडले, तीच जागा फुटल्याचा पुरावा झाली. याहून संतापजनक गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

मी तिथून तडक कचेरीत गेलो. वैद्यबुवांच्या ओसरीवर याचेही एक रूप प्रसृत आहे. त्यात मी भर कचेरीत पागोटे काढून ठेवतो आणि उस्तादासाठी स्वतःची नोकरी देऊ करतो. माझी स्तुती म्हणून हे सांगितले जाते. ते खोटे आहे. पागोटे माझ्या डोक्यावरच होते आणि नोकरी मी देऊ केली नाही. मी सांगितले की पाणी माथ्यापासून दोन हात खाली होते आणि मी काठी टाकून पाहिले होते. गाळ काळा आहे, तो नदीचा आहे. जागा मोकळी आहे असे मी लिहिले, ती रिकामी होती, आणि हा फरक गवंड्याने मला तेव्हाच सांगितला होता.

कारभाऱ्यांनी विचारले, "हे तीन दिवस आपण कुठे होता?"

"इथेच होतो," मी म्हणालो.

 त्यांनी स्वतः आळीत येऊन गाळ पाहिला, मग बांध पाहिला, आणि त्याच संध्याकाळी उस्तादावर दोष नाही असा निर्णय दिला. मला मोऱ्या-बांधांवरून काढून हौद धुऊन घेण्याच्या कामावर नेमले. ते योग्यच होते. निर्णयाची दवंडी पेठेत पिटली, ती भर पावसात. ऐकली दोघांनी, त्यांतला एक मी. बांध फुटल्याची बातमी मात्र कोणीही न पिटता लोणी काळभोरपर्यंत पोहोचली होती.

यापुढचे वैद्यबुवा सांगत नाहीत, कारण त्यात पूर नाही. मला वाटले होते की आता निदान ती जागा सोडून देतील. मी घरोघर जाऊन सांगितले की इथे पुन्हा पाणी येईल. दरसाल नव्हे, पण ज्या साली नदी फुगेल त्या साली येईल. लोक म्हणाले, येऊ दे, दहा वर्षांत एकदा. काही म्हणाले, बांध आता दुरुस्त झाला आहे ना, मग कसे येईल. काहींनी मला उलट विचारले की जागा मोकळी असे तुम्हीच लिहिलेत ना.  सतरा घरे त्याच जागी पुन्हा उठू लागली. आणि त्यांचे जोते किती उंच घ्यावे हे कोणालाच कळेना, म्हणून ती माणसे, ज्यांनी चुन्यात माती असल्याची फिर्याद केली होती तीच, उस्तादाच्या दारात गेली.

तो गेला. मला हे कळले तेव्हा मी इतका चिडलो की हौदाचे काम टाकून आळीत गेलो. तो तेलिणीच्या नव्या भिंतीपाशी उकिडवा बसला होता. जुन्या भिंतीच्या उरल्यासुरल्या भागावर काळ्या गाळाची रेघ अजून स्पष्ट होती. त्याने तिच्यावर चुन्याची खूण केली होती आणि पाणसळ, म्हणजे गवंड्याची पाण्याने भरलेली ती अरुंद लाकडी पन्हळ, मांडून तीच पातळी शेजारच्या घरांना नेत होता. गडी एकही नव्हता.

मी त्याला म्हणालो की या लोकांसाठी तुम्ही दगड कशाला उचलता, यांनी तुमचे काय केले ते विसरलात काय. त्याने वर पाहिले नाही.

"यांनी मला ओळखलं न्हवतं, पंत," तो म्हणाला. "तुमी ओळखत व्हता."

 तेलीण दारातून बघत होती. पुढचे तो बोलला ते माझ्यासाठी नव्हते, कामासाठी होते. पाणी येणारच हाय, तो म्हणाला, निदान घरं वर असूं दे. खुणेच्या वर एक हात जोतं घ्यायचं.

मग त्याने सुताचे एक टोक भिंतीच्या खुणेवर दाबले आणि दुसरे माझ्याकडे धरले. मी घेतले. पलीकडच्या घराच्या कोपऱ्याशी जाऊन मी ते उंच धरले, आणि तो पन्हळीतील पाण्यावरून डोळा लावून मला सांगू लागला: वर, अजून वर, थोडं खाली.

"पंत, आता हलवू नगा," तो म्हणाला.

मी हात भिंतीला टेकवला आणि सूत तिथेच धरून ठेवले.